चाळीस श्रोत्यांचा जलसा

शाळेंत मीं पुष्कळ वर्षें इतिहास शिकविला. त्या इतिहासांत सभा अनेक येत. परंतु त्या सर्व मोठ्या. कोठें लाखोंचा समुदाय लोटलेला, कोठें हजारोंवर घोडदळ सोडलेलें. ज्या सभेस चाळीस माणसें आलीं आणि बाकीच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या, अशी सभा पाठ्यपुस्तकांत कधीं येत नाहीं. आज मी आपणांस अशाच एका सभेची हकीकत सांगणार आहें. ती राजकारणाची नव्हती, धर्माचीही नव्हती. ती गाण्याची बैठक होती. आणि गाणेंही असें कीं माझ्या वयाच्या मनुष्यानें कानांवर हात ठेवावे.

या विषयाकडे मी कसा वळलों, तें प्रथम सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या भाच्यानें मला पुण्याजवळच्या एका मैदानावर भरलेल्या संगीतमहोत्सवास आग्रहानें नेलें. मैदानाच्या एका टोकास भव्य मंच होता. त्याच्यापुढें हजारों तरुण उभे होते. भाचा मात्र मला दुसऱ्या टोकाच्या एका लहानशा मंचाकडे घेऊन गेला. तेथें चार मुलें गिटार आणि ढोल घेऊन वाजवीत होतीं आणि ऐकणारे मोजून तीसएक असतील. मीं विचारलें, "अरे, गर्दी तिकडे आहे आणि आपण इकडे कां?" तो म्हणाला, "मामा, तिकडचे सगळे आमच्या ऐकण्यांतले आहेत. जे अजून ऐकले नाहींत, ते इकडेच भेटतात." त्या संगीतांतलें मला फारसें कांहीं कळलें नाहीं. पण भाच्याचें वाक्य मनांत राहिलें. जें अजून कोणी ऐकलेलें नाहीं, तें प्रथम कोण ऐकतो? कोठें ऐकतो? आणि त्याच्या ऐकण्यानें पुढें काय घडतें? हे प्रश्न इतिहासाचे आहेत. त्यांचें उत्तर शोधतां शोधतां मी विलायतेंतील मँचेस्टर शहरापर्यंत येऊन पोंचलों.

मँचेस्टर हें नांव आपणां महाराष्ट्रीयांस परकें नाहीं. हें कापसाचें आणि गिरण्यांचें शहर. अमेरिकेंत १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध चाललें तेव्हां तेथील गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला, आणि आपल्या मुलुखांतला कापूस मुंबई बंदरांतून तिकडे गेला. मुंबईंत त्या वेळीं पैशाचा पूर आला आणि १८६५ सालीं तो ओसरला, ही गोष्ट आमच्या पुस्तकांत असे. याच मँचेस्टरांत फ्री ट्रेड हॉल नांवाचें एक दगडी सभागृह होतें. जेथें तें उभें होतें त्या जागेवर १६ ऑगस्ट १८१९ रोजीं सुमारें ६०,००० लोक मताधिकार मागण्यास जमले होते. त्यांच्यावर घोडदळ घालण्यांत आलें आणि सुमारें अठरा माणसें प्राणांस मुकलीं. पुढें १८४६ सालीं धान्यावरील जकातीचे कायदे रद्द झाले. त्या विजयाची खूण म्हणून तेथें १८५३ ते १८५६ या काळांत हें सभागृह बांधण्यांत आलें. दुसऱ्या महायुद्धांत, १९४० सालीं, बाँबहल्ल्यानें त्याची नासधूस झाली. १९५१ सालीं तें पुन्हा उघडलें. या थोरल्या सभागृहाला लागूनच वरच्या मजल्यावर एक धाकटें सभागृह होतें. आपली गोष्ट त्या धाकट्या सभागृहांतली आहे.

१९७६ सालची स्थिति ध्यानांत घ्यावयास हवी. कापसाचा धंदा बसला होता, गिरण्या आणि गोदामें रिकामीं पडलीं होतीं, आणि तरुणांना काम मिळणें अवघड झालें होतें. रॉक संगीताचा व्यापार थोड्याशा बड्या कंपन्यांच्या हातांत होता, आणि त्या बहुतेक लंडनमध्यें. नांवाजलेले बँड प्रचंड सभागृहांत वाजवीत. त्यांचीं वाद्यें, ध्वनिवर्धक आणि दिवे यांचा खर्च सामान्य घरच्या मुलाच्या आटोक्याबाहेरचा होता. गावांतल्या पोरानें तबकडी विकत घ्यावी आणि भिंतीवर चित्र लावावें, एवढाच त्याचा संगीताशीं संबंध उरला होता. आपणही वाजवूं शकूं, हा विचारच त्याच्या मनांत येत नसे.

मँचेस्टरजवळच्या बोल्टन येथील तंत्रशिक्षणसंस्थेंत त्या वेळीं दोन विद्यार्थी होते. त्यांनीं स्वतःस घेतलेलीं नांवें हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली. फेब्रुवारी १९७६ मध्यें एका संगीतविषयक साप्ताहिकांत त्यांनीं लंडनच्या एका नव्या बँडाविषयीं मजकूर वाचला. त्या बँडाचें नांव सेक्स पिस्टल्स. नांव सभ्य नव्हे, आणि तें मुद्दामच तसें ठेवलें होतें. वाचून स्वस्थ न बसतां हे दोघे मोटारीनें दक्षिणेस गेले आणि त्या बँडाचे दोन जलसे प्रत्यक्ष ऐकून आले. ऐकल्यावर त्यांनीं दोन गोष्टी ठरविल्या. एक, आपणही बँड काढावयाचा; त्याचें नांव त्यांनीं बझकॉक्स ठेवलें. दुसरी, या मंडळींना आपल्या गांवीं आणावयाचें. त्याकरितां त्यांनीं तें धाकटें सभागृह भाड्यानें घेतलें.

जलसा शुक्रवार, ४ जून १९७६ रोजीं झाला. तिकिट पन्नास पेन्स होतें. बझकॉक्स त्याच दिवशीं वाजविणार होते, परंतु त्यांची जुळवाजुळव पुरी झाली नव्हती. म्हणून दुसराच एक बँड आधीं वाजविण्यास बोलावला. शेली तिकिटें विकावयास बसला होता. लंडनच्या बँडाचा व्यवस्थापक माल्कम मॅक्लॅरेन हा रस्त्यावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांस आंत बोलावीत होता. स्टीव्ह डिगल नांवाचा एक तरुण दुसऱ्याच कोणाची वाट पाहात तेथें थांबला होता. "तुझी मंडळी आंत आहेत," असें समजून मॅक्लॅरेननें त्याला शेलीपुढें नेऊन उभें केलें, आणि तो बझकॉक्समध्यें दाखल झाला. गैरसमजुतींतून असा सहकारी मिळणें हें अशा लहान सभेंतच संभवतें.

आंत किती माणसें होतीं? बहुतेक सांगणारे चाळीसच्या आसपास आंकडा देतात. कोणी थोडा वाढवितात. येथें इतिहासाच्या विद्यार्थ्यानें सावध राहावें. पुढें हा जलसा प्रसिद्ध झाला, तेव्हां "मी त्या रात्रीं तेथें होतों" असें सांगणारे इतके निघाले कीं ते सर्व खरे असते तर थोरलें सभागृहही अपुरें पडतें. खोटें बोलण्याचा त्यांचा हेतू असेलच असें नाहीं. २० जुलै रोजीं त्याच जागीं तोच बँड पुन्हा वाजविण्यास आला. त्या वेळीं बझकॉक्सही वाजले, आणि गर्दी शेंकड्यांनीं झाली. कित्येकांच्या आठवणींत त्या दोन रात्री एकमेकींत मिसळल्या असाव्यात.

परंतु कांहीं नांवें पक्कीं आहेत. सॅल्फर्ड भागांतले पीटर हूक आणि बर्नार्ड समनर हे शाळूसोबती त्या पहिल्या रात्रीं तेथें होते. दुसऱ्या दिवशीं हूकनें आईकडून ३५ पौंड उसने घेऊन बेस गिटार विकत आणली. त्याला ती वाजवितां येत नव्हती. मार्क स्मिथ नांवाचा तरुण होता. त्यानें त्याच वर्षीं 'द फॉल' हा बँड काढला. मॉरिसी नांवाचा सतरा वर्षांचा मुलगा होता; त्यानें या जलशाविषयीं साप्ताहिकास पत्र लिहिलें, आणि सहा वर्षांनीं, १९८२ सालीं, जॉनी मार याच्याबरोबर 'द स्मिथ्स' हा बँड उभा केला. हूक आणि समनर यांना पुढें इअन कर्टिस हा गायक मिळाला आणि १९७८ पासून त्यांचा बँड जॉय डिव्हिजन या नांवानें ओळखला जाऊं लागला.

आतां कोणी विचारील, त्या रात्रीं असें कोणतें दिव्य संगीत झालें? बहुतेक साक्षीदार उलटच सांगतात. वाजविणें ओबडधोबड होतें. आणि परिणाम झाला तो त्यामुळेंच. पाहणाऱ्यांना वाटलें, हें आम्हांलाही करतां येईल. आमच्या वर्गांत मी फळ्यावर अवघड गणित झरझर सोडविलें, तर मुलें माझ्याकडे कौतुकानें पाहात आणि वही मिटून ठेवीत. मी अडखळलों, पुसून पुन्हा मांडलें, कीं मागच्या बांकावरचा मुलगाही पेन्सिल उचले. निर्दोष कलेपुढें आपण नमस्कार करतों. अडखळणारी कला आपल्याला कामास लावते. तबकडींत ही गोष्ट लपून जाते, कारण चुका पुसलेल्या असतात. प्रत्यक्ष जलशांत घाम, चूक आणि धीर हीं तिन्ही समोर दिसतात.

ऐकण्यांतून करणें कसें निघालें, तें आतां पाहूं. बझकॉक्सनीं कंपन्यांच्या दारीं जाण्याऐवजीं घरच्यांकडून आणि मित्रांकडून ५०० पौंड जमविले. २८ डिसेंबर १९७६ रोजीं मार्टिन हॅनेट याच्या देखरेखीखालीं चार गाणीं ध्वनिमुद्रित केलीं, आणि जानेवारी १९७७ मध्यें 'स्पायरल स्क्रॅच' नांवाची तबकडी स्वतःच प्रसिद्ध केली. पहिल्यानें हजार प्रती काढल्या. पुढें एकंदर १६,००० खपल्या. तबकडीच्या वेष्टणावर कोणतें गाणें कितव्या वेळीं साधलें, हेंही छापलें होतें. जणुं काय खरेदी करणाऱ्यास सांगत होते कीं यांत जादू कांहीं नाहीं.

'इंडी' हा शब्द जो आज तरुणांच्या तोंडीं ऐकूं येतो, त्याचें मूळ येथें आहे. इंडी म्हणजे इंडिपेंडंट, स्वतंत्र. आरंभीं तो सुरांचा प्रकार नव्हता. माल कोणत्या वाटेनें गिऱ्हाइकाकडे जातो, त्याचा तो प्रकार होता. लंडनमध्यें जेफ ट्रॅव्हिस यानें १९७६ सालीं 'रफ ट्रेड' नांवाचें दुकान काढलें. लहान मंडळींनीं स्वखर्चानें काढलेल्या तबकड्या तो ठेवी आणि इतर गांवच्या तशाच दुकानांना पोंचवी. १९७८ पासून तो स्वतःही तबकड्या काढूं लागला. ही दुसरी वाट इतकी रुळली कीं जानेवारी १९८० मध्यें एका व्यापारी पत्रानें स्वतंत्र तबकड्यांच्या खपाची वेगळी यादी छापण्यास सुरुवात केली. बड्या कंपनीच्या वितरणाखेरीज जी तबकडी दुकानांत पोंचली, तीच या यादींत बसे. मग तींतलें संगीत कोणतेंही असो. कालांतरानें या वाटेनें येणाऱ्या विशिष्ट गिटारप्रधान संगीतालाच लोक 'इंडी' म्हणूं लागले. वाटेचें नांव असें वाटसरूस मिळालें.

मँचेस्टरांतही हेंच झालें. टोनी विल्सन हा दूरचित्रवाणीवरील निवेदक, आणि त्याचा मित्र ॲलन इरॅस्मस, यांनीं मे १९७८ मध्यें एका क्लबांत 'फॅक्टरी' या नांवानें जलशांच्या रात्री सुरू केल्या. पीटर सॅव्हिल या तरुण चित्रकारानें त्याची जाहिरात इतकी काळजीपूर्वक केली कीं ती जलशापूर्वीं तयारच झाली नाहीं! आधीं जलसे आणि मागाहून तबकड्या, असा फॅक्टरी कंपनीचा क्रम होता. जॉय डिव्हिजनची पहिली मोठी तबकडी जून १९७९ मध्यें तिनेंच काढली. कापसाच्या शहराची रिकामीं गोदामें सरावाच्या खोल्या झालीं. या गोष्टीला दुःखाची कडाही आहे. १८ मे १९८० रोजीं कर्टिस यानें, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षीं, आपला अंत करून घेतला. उरलेल्यांनीं 'न्यू ऑर्डर' या नांवानें काम पुढें चालविलें. फॅक्टरी कंपनी १९९२ सालीं दिवाळखोरींत निघाली. स्वातंत्र्य मिळालें, पण हिशेब कोणी नीट ठेविला नाहीं, असें आमच्यासारखा शाळामास्तर म्हणेल.

लहान सभागृहाची ही गोष्ट झाली. आतां महोत्सवांकडे वळूं. सॉमरसेट परगण्यांतल्या पिल्टन गांवीं मायकेल ईव्हिस नांवाचा गोपालक शेतकरी होता. त्यानें १९ सप्टेंबर १९७० रोजीं आपल्या शेतांत पहिला महोत्सव भरविला. तिकिट एक पौंड, आणि त्यांत गोठ्यांतलें दूध फुकट. माणसें आलीं सुमारें १,५००. ग्लास्टनबरीचा जगप्रसिद्ध महोत्सव तो हाच. १९८४ सालीं स्मिथ्स तेथें वाजले, आणि मैफलीच्या शेवटीं श्रोते मंचावर चढले. पुढें महोत्सव लाखाच्या वर गेला. परंतु त्यानें नव्या बँडांसाठीं एक निराळा तंबू राखून ठेविला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. २००५ सालीं त्या तंबूला जॉन पील याचें नांव देण्यांत आलें आणि २०२२ पर्यंत तें चाललें.

नभोवाणीच्या श्रोत्यांना हा जॉन पील कोण, हें सांगितलेंच पाहिजे. १९६७ पासून २००४ मध्यें मृत्यु येईपर्यंत तो बी.बी.सी.च्या नभोवाणीवर तबकड्या लावीत असे. अनोळखी मंडळींना स्टुडिओंत बोलावून त्यांचें वादन तो प्रक्षेपित करी; अशा बैठका सुमारें ४,००० झाल्या. ज्यांच्या गावांत जलसे होत नव्हते, अशा मुलांच्या उशाशीं त्यानें रात्रीं लहान सभागृह नेऊन ठेविलें. यंत्रानें माणसाची जागा घेतलीच पाहिजे असें नाहीं, हें त्याच्याकडून शिकावें.

असा शोध १९७६ नंतर थांबला नाहीं. ३१ मे १९९३ रोजीं ग्लासगोंत, जेमतेम तीनशें माणसें मावतील अशा 'किंग टट्स' नांवाच्या जागेंत, मँचेस्टरचा एक बँड कार्यक्रमपत्रिकेंत नांव नसतांना जाऊन थडकला. त्याला चार गाणीं वाजवूं देण्यांत आलीं. श्रोत्यांत क्रिएशन या स्वतंत्र कंपनीचा ॲलन मॅगी होता. त्यानें तेथेंच करार देऊं केला. तो बँड म्हणजे 'ओॲसिस'. शेफील्डच्या 'आर्क्टिक मंकीज' यांनीं तर आपल्या जलशांत गाण्यांच्या चकत्या फुकट वाटल्या. श्रोत्यांनीं त्या एकमेकांस दिल्या, आणि २००६ सालीं त्यांची पहिली मोठी ध्वनिमुद्रिका आठवड्यांत साडेतीन लाखांहून अधिक खपली.

मीं येथें एक कबुली देणें जरूर आहे. आपण जिंकलेल्यांच्याच गोष्टी सांगतों. चाळीस श्रोत्यांसमोर वाजवून विस्मृतींत गेलेले बँड किती, याची गणती नाहीं. ४ जूनला प्रथम वाजविलेल्या त्या दुसऱ्या बँडाचें नांवही आज थोड्यांस ठाऊक आहे. अशा जागीं दारू असते, गोंगाट असतो आणि शेजाऱ्यांची झोंप मोडते, हेंही खरें. तरीपण शेतकऱ्याला प्रत्येक दाणा उगवेल अशी हमी मिळत नाहीं, म्हणून तो पेरणी टाळीत नाहीं.

ही तक्रार आपल्याकडेही निर्माण झाली. मुंबईंत धोबी तलावाजवळ रंगभवन नांवाचें खुलें नाट्यगृह आहे. तेथें १९७८ सालीं जाझ यात्रा भरली. १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव होऊं लागला, आणि आपल्या देशांतील कित्येक नवे रॉक बँड प्रथम तेथें ऐकले गेले. जवळपास रुग्णालयें आणि महाविद्यालय आहेत. या शतकाच्या आरंभीं शांतताक्षेत्राचे नियम लागू झाले आणि तेथील रात्रीचे जलसे बंद पडले. आजाऱ्याला शांतता हवी, याबद्दल माझ्या मनांत संशय नाहीं. पण एक जागा बंद करतांना दुसरी कोठें देणार, हा प्रश्न कोणी विचारला नाहीं, याचें मला वाईट वाटतें. पुण्यांत २०१० सालीं 'एन्. एच्. सेव्हन वीकेंडर' सुरू झाला, त्यांत अनेक मंच होते. परंतु वर्षांतले दोन-तीन दिवस म्हणजे वर्षभराची रोजची जागा नव्हे.

विलायतेंतही हीच चिंता आहे. तेथें २०२३ या एका सालांत सुमारें सव्वाशें लहान सभागृहांतील जलसे बंद झाले. भाडें वाढलें, विजेचा खर्च वाढला, आणि शेजारीं नव्या इमारतींत राहावयास आलेल्यांनीं जुन्या जागेच्या आवाजाची तक्रार केली. यावर २०१८ सालीं इंग्लंडच्या नगरनियोजनाच्या धोरणांत एक न्याय्य तत्त्व घालण्यांत आलें: जो मागाहून येऊन बांधतो, आवाज अडविण्याची तजवीज त्यानें करावी. आपल्या नगरपालिकांनींही याचा विचार करण्यासारखा आहे. फ्री ट्रेड हॉलच्या जागीं आतां हॉटेल झालें आहे. दर्शनी दगडी भिंत मात्र राखलेली आहे.

श्रोतेहो, माझ्या वर्गांतही चाळीसच मुलें असत. त्यांतलें कोण काय होईल, हें मला कधींच कळलें नाहीं. म्हणून मी सर्वांना शिकवीत असें. लहान जलशाचेंही असेंच आहे. तेव्हां आपल्या घरचीं मुलें एखाद्या अनोळखी मंडळींचें गाणें ऐकावयास निघालीं, तर त्यांना वेळेवर परत यावयास अवश्य सांगा. पण जाऊं द्या. जमल्यास एकदां त्यांच्याबरोबर आपणही जा, आणि मुख्य कार्यक्रमाच्या तासभर आधीं जा. पहिल्यानें वाजविणाऱ्यांच्या पुढें खुर्च्या रिकाम्या असतात. त्यांपैकीं एक आपण भरावी, एवढीच माझी विनंती आहे.